ताईंची कोरी पट्टी

भिंगारदिवे ताई गेल्याचं मला कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. त्याच्या वरचा मेसेज होता, टाकी धुवायची असल्याने उद्या दुपारी पाणी बंद राहील, आणि खाली कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. मध्ये ताई. मग पाच मिनिटांत हात जोडलेली चित्रं एकाखाली एक येऊन पडली, त्यातली निम्मी अशा लोकांची की ज्यांनी ताईंना कधी पाहिलंही नव्हतं. मला त्या चित्रांचा उगाचच राग आला. माणूस गेल्यावर बोटाने एकदा दाबलं की झालं?... मी काहीच लिहिलं नाही. फोन पालथा ठेवला, वर्गावर गेलो, स्नायू आकुंचन कसा पावतो हे एस. वाय.च्या मुलांना पाऊण तास शिकवलं. शिकवताना मी पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याचं उदाहरण दिलं, नेहमीच देतो. ते उदाहरण मुळात ताईंचं, हे जिना उतरताना लक्षात आलं आणि मी तिथेच पायरीवर बसलो.

नगरच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्या लॅब असिस्टंट होत्या. पूर्ण नाव सुमन भिंगारदिवे. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण ताईंच्या तोंडी शेवटपर्यंत नगरच राहिलं. राहायला केडगावला, माहेर शिंगणापूरच्या बाजूचं. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा आणि त्यातली सगळ्यात लहान किल्ली डीप फ्रीजरची. "ज्या गावात घराला दार न्हाई तिकडची मी, आन् हितं फ्रीजला कुलूप लावून बसलीय," असं स्वतःच म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या. कुणी मावशी म्हटलेलं त्यांना चालत नसे. नवा विद्यार्थी 'मावशी, जरा ट्यूब द्या' म्हणाला की हातातलं काम न थांबवता त्या सांगत, "मावशी घरी. हितं ताई म्हना, न्हाई तर भिंगारदिवे म्हना." मी पीएच.डी.साठी तिथे गेलो तेव्हा वर्षभर त्या मला 'सर' म्हणत होत्या. मग एकदा आमच्या राहात्याच्या बागेतले पेरू पिशवीभर नेऊन दिले आणि त्या दिवसापासून मी 'राहातेकर' झालो. खरं आडनाव त्यांनी मस्टरवरच काय ते ठेवलं.

माझा विषय थोडा समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. आपल्या स्नायूंत ॲक्टिन नावाचे बारीक धागे असतात. ते ओढले गेले की स्नायू आखडतो. पण ते वाटेल तेव्हा ओढले जाऊन चालत नाही, म्हणून त्यांच्यावर राखण करणारी प्रथिनं असतात, त्यातलं एक ट्रोपोनिन. मी हे ताईंना फळ्यावर आकृती काढून, इंग्रजी शब्द पेरून, मोठ्या थाटात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे पाटकरी म्हना की. वरून कॅल्शियम आलं की फळी उचलायची, न्हाई आलं की खाली. तवर पानी वावरात जाऊ द्यायचं न्हाई." पाटाच्या पाण्यावर वाढलेला मी, आणि हे मला सुचलं नव्हतं. तर डोंगरावर चरणाऱ्या शेळ्या आणि गोठ्यात बांधून पोसलेल्या शेळ्या यांच्या स्नायूंत हा पाटकरी कमी-जास्त असतो का, एवढंच मला शोधायचं होतं. शेळ्यांच्या पायांचं मांस दोन ठिकाणच्या दुकानांतून आणायचं, वाटायचं, त्यातली प्रथिनं जेलच्या पातळ थरात आकारानुसार वेगळी करून एका कागदासारख्या पांढऱ्या पट्टीवर उतरवायची आणि त्या पट्टीवर ट्रोपोनिन नेमकं कुठे आहे ते अँटीबॉडीला विचारायचं; ती जिथे चिकटते तिथे रंगाची रेघ उमटते.

अँटीबॉडी म्हणजे विशिष्ट प्रथिनाला शोधून त्याला चिकटणारा रेणू. एखाद्या जनावराला ते प्रथिन टोचलं की त्याच्या रक्तात तशी अँटीबॉडी तयार होते आणि ती काढून कुपीत भरून विकतात. आमची कुपी परदेशातून आली. कुरिअरवाल्याचा फोन आला तेव्हा मी एका लग्नात जेवत होतो आणि तो म्हणत होता, आता सोमवारी या. बर्फ सोमवारपर्यंत टिकणार नव्हता. ताई केडगावहून स्कूटीवर भर उन्हात गेल्या, त्याच्याशी भांडल्या आणि थर्माकोलचं खोकं दोन पायांच्या मध्ये ठेवून घेऊन आल्या. एवढ्या मोठ्या खोक्यात करंगळीच्या टोकाएवढी कुपी आणि तिच्या तळाशी दोन-चार थेंब. मला वाटलं, आली तशी फ्रीजरमध्ये टाकू. ताईंनी टाकू दिली नाही. दर वेळी गोठवून वितळवून ती बिघडते म्हणून त्यांनी ती त्याच बैठकीत वीस इवल्याशा नळ्यांत वाटली आणि प्रत्येकीवर पेन्सिलीने नाव घातलं. पेनाची शाई स्पिरिटने पुसते, पेन्सिल पुसत नाही. "समदं एका ताटात वाढायचं नसतं, राहातेकर. उष्टं झालं की फेकायची पाळी येती."

ताईंची आणखी एक सवय होती. कुठलाही प्रयोग असो, त्या एक पट्टी कोरी ठेवायच्या. म्हणजे तिला बाकी सगळं द्यायचं, फक्त ती मुख्य अँटीबॉडी द्यायची नाही. मग तिच्यावर रेघ उमटता कामा नये. उमटली, तर बाकीच्या पट्ट्यांवरच्या रेघांवरही विश्वास ठेवता येत नाही. हे शास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात पहिल्या धड्यात आहे आणि प्रत्येक जण ते परीक्षेत लिहून मार्क मिळवतो. मीही मिळवले होते. पण माझ्याकडे शेळ्या फार आणि जागा थोडी. एक कोरी पट्टी म्हणजे एका शेळीची जागा गेली. सुरुवातीला एकदोनदा मी ती लावली, तर नेमकं जेलच फाटलं, आणि मग सोडूनच दिली. ताई अधूनमधून म्हणायच्या, "कोरी न्हाई लावली?" मी म्हणायचो, "ताई, सहा महिने तीच रेघ तिथंच येतेय. किती वेळा विचारायचं तिला?" त्या पाण्याची बाटली भरायला निघून जायच्या.

आणि रेघ येत होती, तीही सुरेख. डोंगरावरच्या शेळ्यांत ठळक, गोठ्यातल्या शेळ्यांत फिकट. आमचे गाईड म्हस्के सर खूश होते. विद्यापीठात प्रबंधाआधीचं सादरीकरण ठरलं, आणि तेवढ्यावरच राहात्यात माझ्या मित्रांनी चौकात फ्लेक्स लावला: 'डॉक्टरेट मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. बाजारात तुरी अशातली गत. पण मला लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं आणि तिथून दिसणारा देखावा मला आवडत होता. सत्कार ठरला, फेटा बांधायचा ठरला. दोन दिवस गावी जायचं म्हणून शेवटच्या पट्ट्यांचं काम मी ताईंवर सोपवलं. जाताना सांगायचं विसरलो की कोरी नको. सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं असतं असं वाटत नाही.

मी परतलो तेव्हा टेबलावर टिपकागदावर पट्ट्या वाळत ठेवल्या होत्या. सगळ्यांवर माझी रेघ होती. शेवटच्या पट्टीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने 'कोरी' लिहिलेलं होतं, आणि तिच्यावरही तीच रेघ होती. त्याच जागी, तेवढीच ठळक. ताई बाजूला उभ्या होत्या. सादरीकरणाला पाच दिवस होते. मी म्हणालो, तुमच्या हातून काहीतरी लागलं असणार. त्या म्हणाल्या, "न्हाई सर. दोनदा लावली." राहातेकर नाही, सर. आणि मी, एम. एस्सी. झालेला, पुस्तकं वाचणारा, भाषणांतून समतेवर बोलणारा मी, आवाज चढवून म्हणालो, "तुम्हा लोकांच्या हातात हे द्यायलाच नको होतं."

लॅबमध्ये आणखी तीन मुलं होती. कुणी वर पाहिलं नाही. ताईंनी ओला रुमाल घडी घालून ठेवला आणि फ्रीजरच्या खोलीत गेल्या. 'तुम्ही लोक' म्हणजे लॅब असिस्टंट लोक, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला समजावलं. पण मी कुठल्या घरातून आलो होतो आणि त्या कुठल्या, हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं, आणि ज्या आवाजात मी ते बोललो तो आवाज मी लहानपणापासून घरी ऐकलेला होता. हे मी आज प्रथमच लिहितोय. लिहिताना कान गरम होतायत, तर होऊ देत.

पुढचे दोन दिवस मी सगळं माझ्या हाताने केलं. नवी भांडी, नवं पाणी, हात कोपरापर्यंत धुतलेले. कोरी पट्टी लावली. रेघ आली. पुन्हा लावली, पुन्हा आली. मग कुपीसोबतचा कागद काढून बसलो, जो मी इतके दिवस फक्त किती थेंब घालायचे एवढ्यासाठी पाहिला होता, आणि कळलं. आमची अँटीबॉडी शेळीत तयार केलेली होती. तिच्यावरून रंग उमटवायला आपण दुसरी अँटीबॉडी घालतो, आणि ही दुसरी शेळीच्या कुठल्याही अँटीबॉडीला जाऊन चिकटते. माझं मांस शेळीचंच. मांसात उरलेल्या रक्तात त्या शेळीच्या स्वतःच्या अँटीबॉडी भरपूर. मला दिसत होती ती रेघ त्यांची होती. त्यांचा एक तुकडा आकाराने जवळजवळ ट्रोपोनिनएवढा, म्हणून जागाही तीच वाटायची. डोंगराकडच्या दुकानात मांसातून रक्त नीट निथळत नसे, म्हणून तिकडची रेघ ठळक. सहा महिने मी मटणातलं रक्त मोजत होतो आणि त्याला संशोधन म्हणत होतो. ही चूक करायला परदेशातला कुणी धजला नसता, कारण तिकडे असल्या प्रयोगाला उंदीर घेतात. शेळीच्या अँटीबॉडीने शेळीचंच मटण तपासायला नगर जिल्ह्यातलाच माणूस लागतो.

ताई पाणी भरायला आल्या तेव्हा मी तो कागद त्यांच्यापुढे धरला आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी चष्मा लावून वाचला. "शेळीला शेळी वळखतीय," त्या म्हणाल्या, "त्यात तिचं काय चुकलं, सर." माफी मागायची ती वेळ होती. मला दिसत होतं की आहे. मी कागदाची घडी घातली आणि म्हस्के सरांकडे गेलो. सरांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "ब्लँक कुणी लावली?" मी म्हणालो, भिंगारदिवे ताईंनी. "तुम्ही का नाही लावली?" मी घडी घातलेला कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. सर म्हणाले, सादरीकरण पुढे ढकलू, आजारपणाचा अर्ज द्या. मी अर्ज दिला नाही. विद्यापीठात गेलो, उभा राहिलो आणि सांगितलं की माझे निकाल चुकीचे आहेत, का चुकीचे आहेत आणि ही चूक कुणाला सापडली. शौर्य म्हणून नाही... आधी तोंडातून जे गेलं होतं ते मला नीट झोपू देत नव्हतं, आणि हे बोलणं त्यामानाने सोपं होतं.

मग सगळं पुन्हा. या वेळी सशात तयार केलेली अँटीबॉडी, वर्षभर काम, आणि निष्कर्ष असा की डोंगरावरच्या आणि गोठ्यातल्या शेळ्यांत काही फरक नाही. वडिलांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पाच वरीस घालवून, काय फरक न्हाई, हे शोधलंस व्हय रं?" चौकातला फ्लेक्स कधीच उतरला होता. वडिलांनी तो कांद्याच्या ढिगावर झाकायला घेतला आणि चांगले दोन हंगाम वापरला. पदवी मिळाली, ती खरी मिळाली, आणि त्याच कॉलेजात नोकरीही लागली. पण ते वर्ष मी 'सर' होतो. ताई सगळं करत होत्या, अँटीबॉडी वाटून देत होत्या, पेन्सिलीने नावं घालत होत्या, फक्त राहातेकर म्हणत नव्हत्या. एक दिवस मी कुणी न सांगता सर्वांत आधी कोरी पट्टी कापून बाजूला ठेवली आणि मग कामाला लागलो. त्या मागून जात होत्या, थांबल्या. थोड्या वेळाने आवाज आला, "राहातेकर, च्या घेनार का?" इतका गोड चहा मी एरवी पीत नाही. त्या दिवशी दोन कप घेतले.

त्यानंतर अनेक वर्षं आमचं छान चाललं. त्या निवृत्त होईपर्यंत माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्यांनी कामाला लावलं. पण ते वाक्य माझ्याकडून परत घेतलं गेलं नाही ते नाहीच. दोनदा प्रयत्न केला. एकदा म्हणालो, "ताई, त्या दिवशी मी जे बोललो..." आणि त्या म्हणाल्या, "जेल गळतंय बघा." जेल खरंच गळत होतं. दुसऱ्यांदा त्यांच्या निरोप समारंभात, माईकवरून बोलायचं ठरवून उभा राहिलो आणि त्यांच्या शिस्तीबद्दल गुळमुळीत दहा मिनिटं बोलून खाली बसलो. मला वाटायचं, त्या विसरल्या असतील. असं वाटणं किती सोयीचं असतं.

निवृत्तीनंतर त्या मजेत होत्या, हे मला आवर्जून सांगायचंय, कारण अशा लेखांत माणूस उगाचच सोसणारा होऊन बसतो. केडगावच्या घरापुढे त्यांनी गवती चहा आणि मिरच्या लावल्या होत्या, बुद्धविहारात रविवारी मुलांचा विज्ञानाचा तास घ्यायच्या, आणि मला फोन करून बारीकसारीक शंका विचारायच्या. गेल्या हिवाळ्यात छातीत दुखलं म्हणून त्यांना दवाखान्यात ठेवलं तेव्हा मी भेटायला गेलो. नाकात नळी, आणि हातात रिपोर्टचा कागद नाचवत होत्या. "राहातेकर, आपलंच प्रथिन हाय की ह्यात! ट्रोपोनिन!" हृदयाला इजा झाली की ते रक्तात उतरतं आणि अँटीबॉडीनेच तपासतात. मी म्हणालो, हे हृदयातलं, आपलं पायातलं होतं. "चुलत भाऊ म्हना," त्या म्हणाल्या. मग गुपित सांगावं तशा पुढे वाकल्या. "मी त्या लॅबवाल्या पोरीला इचारलं, कोरी लावता का म्हनून. मशीन आपोआप करतंय म्हनली. मशीनवर कोनाचा इश्वास हाय?" ती मुलगी मला नंतर बाहेर भेटली आणि म्हणाली, तुमच्या आजींनी माझी तोंडी परीक्षाच घेतली. आजी नव्हेत त्या, ताई, असं मी तिला सांगितलं. ती आमची शेवटची भेट.

ताईंच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला, म्हणजे श्रद्धांजलीला, मी गेलो, पण गर्दीत मागे बसून निघून आलो. तीन आठवड्यांनी मात्र राहवेना म्हणून केडगावला गेलो. ताईंची मुलगी प्रज्ञा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, ती घरी होती. पुढच्याच खोलीत बसवलं. ताईंची खुर्ची खिडकीशी होती, तिच्यावर मी बसलो नाही, समोरच्या पलंगावर बसलो. प्रज्ञा म्हणाली, "सर, तुमची गोष्ट आमच्या घरात पाठ आहे सगळ्यांना. आई नेहमी सांगायची. विहारातल्या पोरांनासुद्धा. आख्ख्या विद्यापीठापुढं उभं राहून आपलं चुकलं म्हणून सांगणारा एक माणूस मी बघितलाय, म्हणायची."

मला ते ऐकवेना. या घरात, या बाईच्या मुलीपुढे, मी चांगला माणूस म्हणून बसलो होतो. तेव्हा मी सांगितलं. त्या सादरीकरणाच्या पाच दिवस आधी काय झालं, ताई काय म्हणाल्या, मी काय म्हणालो. ते वाक्य जसंच्या तसं म्हणालो, 'तुम्हा लोकांच्या' सकट. म्हणालो की मी माफी मागितली नाही, वीस वर्षं मागितली नाही, आणि आता ज्यांची मागायची त्या नाहीत.

प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"ते पण सांगायची, सर," ती म्हणाली. "दर वेळी आधी तेच सांगायची. तुम्ही म्हणालात तसंच, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. पोरं चिडायची. मी तर लहानपणी लई चिडायचे तुमच्यावर. म्हणायचे, अशा माणसाची गोष्ट कशाला सांगतेस?"

"मग?"

"मग म्हणायची, झालं का चिडून? आता पुढचं ऐका."

ती चहा टाकायला आत गेली. गवती चहाचा वास आला. मी उठलो, पाऊल घोटाळलं, पण गेलो आणि खिडकीशी ताईंच्या खुर्चीवर बसलो. प्रज्ञा कप घेऊन आली, मला तिथे बसलेलं पाहून स्वतः पलंगावर बसली. मी म्हणालो, "सांग ना. ताई सांगायच्या तसं सांग." आणि तिने सांगितलं, सुरुवातीपासून, आईच्या आवाजात, आईच्या बोलीत. माझं ते वाक्य आलं तेव्हा मी मान खाली घातली नाही. पुढचं ऐकत राहिलो.